शॉवरचा प्रेशर पंप: घ्यावा, पण जाळी लावूनच

आमची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम मीटरभर उंच, म्हणजे दाब फक्त 0.1 बार. हा पंप बसवला आणि शॉवरला खरीखुरी धार आली. आवाजही अगदी कमी.

तक्रार आहे ती फ्लो स्विचची, म्हणजे पाणी वाहू लागलं की पंप चालू आणि थांबलं की बंद करणाऱ्या स्विचची. पाणी जड असेल तर क्षार साचून आतला चुंबक अडकतो. मग शॉवर उघडला तरी पंप ढिम्म, किंवा बंद केल्यावरही चालूच! प्लंबरने सरळ मोटर बदलायला सांगितलं. मला ते पटेना, कारण बटण मॅन्युअलवर टाकलं, म्हणजे फ्लो स्विचला वगळून पंप थेट चालवला, की मोटर मस्त फिरत होती. म्हणजे दोष स्विचचाच. वीज आणि दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले, स्विच उघडला, व्हिनेगरने चुंबक धुतला. पंप लगेच सुरू. (मोटर नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर मात्र आधी कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग, तपासा.)

स्विच सहज उघडता येतो, याबद्दल कंपनीचं मनापासून कौतुक. पण पाणी आत येतं त्या तोंडाशी कचरा अडवणारी साधी जाळीसुद्धा दिलेली नाही, हे मला अजिबात मान्य नाही. ती पहिल्या दिवशीच वेगळी बसवून घ्या.