एबीएस म्हणून विकलेली डबी

पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला दुचाकीवर जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. तिला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरत फिरू न देणारी यंत्रणा) दोन्ही बसवून देतो, असं बाजारातला एक दुकानदार म्हणाला. "मोटोजीपी रेसच्या गाड्यांतलं टेक्निक हाय दादा. ब्रेक कितीबी दाबा, चाक लॉक हुतंय कुठलं!" खात्रीसाठी त्यानं मला स्वतःच्या गाडीवर बसवून ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबायला लावला. बोटांना झटके जाणवले, पण चाक फिरत राहिलं. मग माझ्या गाडीच्या ब्रेक कॅलिपरवर (डिस्क आवळणाऱ्या भागावर), ऑइलच्या पाइपच्या जोडणीत, अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची डबी बसवली, सीटखाली काळा बॉक्स ठेवला आणि ६,००० रुपये घेतले. बिलावर फक्त 'ब्रेक सामान'.

पुढे खानापूर रस्त्यावर पावसात पुढचं चाक लॉक होऊन गाडी आडवी झाली. खरचटण्यावर निभावलं.

ओळखीच्या मेकॅनिकनं डबी उघडली, तर आत रबराचा पडदा आणि स्प्रिंग! खऱ्या एबीएसला चाकाशी खाचांची रिंग आणि सेन्सर लागतो. चाक लॉक व्हायला आलं की कंट्रोल युनिट झडपांची उघडझाप करून ऑइलचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करतं. या डबीला चाक फिरतंय की थांबलंय हेच कळत नाही. काळ्या बॉक्सला बॅटरीच्या दोन वायरी, आत एक दिवा. ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांचा वेग ताडून बघतं आणि मागचं चाक जास्त फिरू लागलं की इग्निशन तोडून किंवा थ्रॉटल कमी करून इंजिनाची ताकद उतरवतं. रेसच्या गाडीत ती किती कलली आहे हेही मोजलं जातं. ते सगळं हा दिवा करणार होता म्हणे.

आणि मोटोजीपीत एबीएसला मुळात परवानगीच नाही! ट्रॅक्शन कंट्रोल आहे, २०१६ पासून सगळ्या संघांना मॅग्नेटी मारेलीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि त्यातलं सॉफ्टवेअरही एकच आहे. पण ब्रेक किती दाबायचा ते रायडरच्या बोटांवर.

दुकानदाराची गाडी नंतर नीट बघितली. पुढच्या डिस्कशेजारी खाचांची रिंग होती, म्हणजे कंपनीचंच एबीएस. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे.

कोणी असं काही विकू लागला तर चाकाचा सेन्सर दाखव म्हणा, आणि बिलावर 'एबीएस' लिहून मागा. आमचे दुकानदार महाशय आता म्हणतात, "तुम्हीच ब्रेक जोरात दाबलासा." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार दिली आहे, डबी, बॉक्स आणि बिल जपून ठेवलंय.