जुन्या शेवरोले सी१० ला कोणता गिअरबॉक्स: ७००आर४ की ४एल८०ई?

१९७० च्या सी१० पिकअपमधला टर्बो ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीनच गिअरचा. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवून वेग राखणारा वरचा गिअर) नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या हायवेवर इंजिन सतत ओरडत राहतं. चौथा गिअर हवाच.

१९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर (आउटपुट शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) ३.०६, चौथ्याचं ०.७०. म्हणजे ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घ्यायचं, तिथे आता २१००. कॉम्प्युटर लागत नाही, कार्ब्युरेटरवाल्या गाडीला हे मोठं सुख. गोम एकच, टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल. (टीव्हीचा दूरदर्शनशी काही संबंध नाही!) थ्रॉटल किती दाबलाय हे ती गिअरबॉक्सला कळवते. ती सैल राहिली तर आतला दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. नवा बसवलेला बॉक्ससुद्धा अशाने लवकर संपतो.

४एल८०ई १९९१ चा, दणकट टर्बो ४०० गिअरबॉक्सच्या घराण्यातला. पहिला गिअर २.४८, चौथा ०.७५. केबलची कटकट नाही, पण वेगळा कंट्रोलर, थ्रॉटल सेन्सर आणि वायरिंग आलं. आकाराने, वजनाने मोठा. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला आधार देणारा चॅसीचा आडवा भाग) सरकवा, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून घ्या.

जड ट्रेलर ओढायचा किंवा इंजिन तगडं केलंय, तर ४एल८०ई. साध्या ३५० घनइंची इंजिनाला मी ७००आर४ च लावेन, केबल मात्र प्रेशर गेज लावूनच जुळवेन.