भाचीचं लग्न लावायचंय: ऑनलाइन ऑर्डिनेशन घ्यावं की एका दिवसाची परवानगी?

अमेरिकेतल्या मराठी लग्नांत हल्ली गुरुजींच्या जागी मामा, मावशी, नाहीतर मुलीचा कॉलेजातला मित्र उभा दिसतो. मंगलाष्टकं पाठ असतात, सप्तपदीचा अर्थ इंग्रजीतून सांगायची हौसही असते. अडतं ते मॅरेज लायसन्सवरच्या, म्हणजे लग्नाआधी काढायच्या सरकारी परवान्यावरच्या, सहीपाशी. भारतात हा प्रश्न सहसा येत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा विधी झाला का एवढंच पाहतो. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न लागलं, मग लावणारा कोणी का असेना. अमेरिकेत नेमकं उलटं. विधी कुठलाही करा, लावणारा माणूस मात्र त्या राज्याच्या कायद्यातल्या यादीत बसला पाहिजे.

त्या यादीत शिरायच्या दोन वाटा बहुतेकांच्या कानावर असतात. एक म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या चर्चचं ऑर्डिनेशन, म्हणजे धर्मगुरू म्हणून मान्यता, घेऊन मिनिस्टर होणं. दुसरी म्हणजे सरकारकडून फक्त त्या एका लग्नापुरती परवानगी काढणं. दुसरी वाट सगळ्या राज्यांत नाही. पण जिथे आहे तिथे माझं मत तिच्याच बाजूचं आहे, आणि ते का, ते पुढे येईलच.

आधी ऑनलाइन वाटेला तिचं श्रेय देऊ. युनिव्हर्सल लाइफ चर्च हे यातलं जुनं नाव. कर्बी हेन्स्ली यांनी ते १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी सुरू केलं. सिएटलची अमेरिकन मॅरेज मिनिस्ट्रीज २००९ ची. नाव, पत्ता, ईमेल भरला की काम झालं. पैसे लागत नाहीत, परीक्षा नाही, अमुक धर्म मानलाच पाहिजे अशी अट नाही. एकदा घेतलं की पुढची भाची, मग पुतण्या, मग शेजाऱ्यांची मुलगी, सगळ्यांना तेच चालतं. घरात लग्नाळू मंडळी बरीच असतील तर हा फायदा लहान नाही. एक बारीक गोष्ट सांभाळा: युनिव्हर्सल लाइफ चर्च या नावाभोवती एकाहून जास्त संस्था आहेत. मोडेस्टोची वेगळी, सिएटलची वेगळी. आपलं सर्टिफिकेट नक्की कोणाचं आहे ते पूर्ण नावानिशी लिहून ठेवा, कारण क्लर्कनं (लायसन्स देणाऱ्या आणि लग्नाची नोंद करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यानं) विचारलं तर मोघम सांगून चालत नाही.

सर्टिफिकेट फुकट असलं तरी त्याची छापील प्रत आणि ‘लेटर ऑफ गुड स्टँडिंग’ (हा आमचा मिनिस्टर आहे असं संस्थेचं पत्र) यांना पैसे पडतात, आणि काही ठिकाणी हेच कागद मागतात. न्यूयॉर्क शहरात लग्न लावणाऱ्या मिनिस्टरला सिटी क्लर्ककडे आधी नाव नोंदवावं लागतं, त्याची फी १५ डॉलर. ओहायोत राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून लायसन्स घ्यावं लागतं. म्हणजे ‘पाच मिनिटांत मिनिस्टर’ हे खरं असलं तरी ‘पाच मिनिटांत लग्न लावायला मोकळे’ हे सगळीकडे खरं नाही.

आता कोर्टाकडे. व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टानं १९७४ मध्येच सांगितलं की युनिव्हर्सल लाइफ चर्चचे मिनिस्टर तिथल्या कायद्याखाली लग्न लावायला पात्र नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातला १९८० चा खटला तर मामा-काकांनी वाचावाच असा. मुलीच्या वडिलांनी १० डॉलर देऊन टपालानं सर्टिफिकेट मागवलं आणि मुलीचं लग्न स्वतः लावलं. पुढे नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, द्विभार्या प्रतिबंधाखाली खटला झाला, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. कारण काय, तर वडिलांनी लावलेलं पहिलं लग्न वैध असल्याचं सरकारला सिद्ध करता आलं नाही! शेवटी विधिमंडळाला कायदा करून ३ जुलै १९८१ पूर्वी अशा मिनिस्टरांनी लावलेली लग्नं वैध ठरवावी लागली. न्यूयॉर्कमध्ये १९८९ च्या अपील निकालात असंच एक लग्न अवैध ठरलं. २०१३ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अपील विभागानं ‘हे प्रत्येक प्रकरणाचे पुरावे पाहून ठरवावं लागेल’ अशी भूमिका घेतली. टेनेसीनं २०१९ च्या कायद्यानं ऑनलाइन ऑर्डिनेशनवाल्यांना लग्न लावायला मनाईच केली.

यावर कोणी म्हणेल, हजारो लग्नं अशीच लागतात, कुठे काय बिघडतं? खरंच आहे. क्लर्क कागद घेतो, नोंद होते, संसार चालतो. प्रश्न निघतो तो घटस्फोटात नाहीतर वारसाहक्काच्या भांडणात, जेव्हा लग्न झालंच नव्हतं असं म्हणण्यात एका बाजूचा फायदा असतो. शक्यता कमी आहे हे मान्य, पण धोका आपण पत्करतो आणि भोगायला लागतो त्या दोघांना, ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

तरी माझा कौल कोर्टानं फिरवला नाही. फिरवला तो फॉर्मवरच्या एका रकान्यानं. कॅलिफोर्नियाच्या लायसन्सवर लग्न लावणाऱ्याच्या सहीशेजारी दोन गोष्टी विचारतात: पद काय, आणि धर्मगुरू असल्यास पंथ कोणता. अंतरपाट धरून, अक्षता वाटून, सात पावलं चालवून झाल्यावर मामा खुर्चीवर बसतात आणि पेन तिथंच थबकतं. ‘हिंदू’ लिहावं तर हातातलं सर्टिफिकेट दुसऱ्याच संस्थेचं. त्या चर्चचं नाव लिहावं तर आजी चष्मा लावून विचारते, हे काय रे लिहिलंस? मोकळं सोडावं तर मिनिस्टर म्हणून सही केलीय आणि पंथ नाही, म्हणून कागद परत यायची भीती. शिवाय या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. व्हाइटनर लावला किंवा एखादा शब्द खोडून वर दुसरा लिहिला, तर नोंद करण्याआधी फी भरून डुप्लिकेट लायसन्स काढावं लागतं आणि त्यावर पुन्हा सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. तोवर जोडपं हनिमूनला आणि साक्षीदार शिकागोला. आणि हा कागद कपाटात पडून राहणारा नाही. ग्रीन कार्डाच्या फायलीत, बँकेत, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढवताना, सगळीकडे तो पुढे करायचा असतो. सत्यनारायणापलीकडे पौरोहित्याशी संबंध न आलेल्या माणसानं त्यावर चर्चचा मिनिस्टर म्हणून कायमचं नाव लावावं, हे कोणाला अजिबात खुपणार नाही. मला खुपतं.

एका दिवसाच्या परवानगीत हा रकाना आपोआप सुटतो. पदाच्या जागी ‘डेप्युटी कमिशनर ऑफ सिव्हिल मॅरेजेस’ किंवा काउंटीनं (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागानं) दिलेलं नाव, आणि पंथाची जागा हक्कानं रिकामी, कारण तुम्ही धर्मगुरू नाहीच. मग विधी वैदिक करा, सत्यशोधक पद्धतीनं करा, नाहीतर नुसत्या हारांनी उरका. फॉर्मशी त्याचा संबंध राहत नाही.

ही वाट राज्यागणिक वेगळी दिसते. कॅलिफोर्नियात ती काउंटी क्लर्कच्या हातात असते: अर्ज, फी आणि उजवा हात वर करून शपथ. काही ठिकाणी शपथेला प्रत्यक्ष जावं लागतं. फी आणि नियम प्रत्येक काउंटीचे निराळे, काही काउंट्या ही सोय देतच नाहीत, आणि नेमणूक साधारणपणे लग्न जिथे आहे त्या काउंटीची घ्यावी लागते. सनीव्हेलला राहता आणि लग्न नापाच्या वायनरीत असेल, तर फोन नापाच्या क्लर्कला करायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये परवानगी थेट गव्हर्नरच्या नावानं येते. अर्ज लग्नाच्या निदान सहा आठवडे आधी टाकावा. न्यूयॉर्कमध्ये २८ मार्च २०२३ पासून एक दिवसाचं ऑफिशियंट लायसन्स मिळतं: २५ डॉलर, वय १८ पूर्ण, राज्याचे रहिवासी असण्याची अट नाही. पुण्याहून आलेल्या काकांनाही ते घेता येतं.

तोटेही सांगायला हवेत. परवानगी त्या दोघांच्या नावांना आणि त्या तारखेला बांधलेली असते. पावसामुळे लग्न एक दिवस पुढे गेलं, किंवा ठिकाण काउंटीच्या हद्दीपलीकडे सरकलं, की कागद बदलून घ्यावा लागतो. आणि आठवडाभर आधी ठरलेल्या लग्नाला मॅसॅच्युसेट्सची वाट उपयोगाची नाही. तिथे घाई असेल तर जस्टिस ऑफ द पीस (लग्न लावायचा अधिकार असलेला सरकारी अधिकारी) शोधणं सोपं.

तिसरी एक तडजोड पुष्कळ मराठी घरं करतात. आधी क्लर्कच्या ऑफिसात जाऊन कायद्याचं लग्न, मग हॉलवर मामांनी लावलेलं घरचं लग्न, ज्याला कागदाचा भार नाही. सोपं आहे. फक्त लग्नाच्या दोन तारखा होतात, आणि व्हिसाच्या फॉर्मवर लिहायची ती क्लर्ककडची, पत्रिकेवरची नव्हे. इथे घोटाळा करणारे बरेच आहेत.

कुठलीही वाट धरली तरी पुढच्या गोष्टी टळत नाहीत. पहिली वेळेची. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर पूर्ण २४ तास थांबावं लागतं, आणि हे तास घड्याळावर मोजतात. शुक्रवारी दुपारी दोनला लायसन्स हातात आलं आणि शनिवारी सकाळी ११:१० चा मुहूर्त असेल, तर जमत नाही. गोरज मुहूर्त असेल तर जमतं. टेक्ससमध्ये ७२ तास. मुदत न्यूयॉर्कमध्ये ६० दिवस, कॅलिफोर्नियात ९०. सही झालेला कागद न्यूयॉर्कमध्ये ५ दिवसांत आणि कॅलिफोर्नियात १० दिवसांत परत पोचवायचा असतो, आणि ते काम लग्न लावणाऱ्याचं आहे, जोडप्याचं नाही. टपालानं धाडणार असाल तर आधी फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या विधीतली, आणि ती सर्रास राहून जाते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे कायद्याची एक मागणी आहे: वर आणि वधू दोघांनी, लग्न लावणाऱ्याच्या आणि साक्षीदाराच्या समोर, आम्ही एकमेकांचा जोडीदार म्हणून स्वीकार करतो असं स्वतः सांगायचं. आपल्या लग्नात मंत्र गुरुजी म्हणतात, कन्यादान आईवडील करतात, मंगलाष्टकं मावशा गातात. नवरा-नवरी तासभर मान हलवतात, बोलत काहीच नाहीत. सप्तपदी झाली की सगळ्यांना बसतं करा, माइक आधी नवरीच्या, मग नवऱ्याच्या हातात द्या आणि एक वाक्य मराठीत व एक इंग्रजीत म्हणवून घ्या. मंगलाष्टकांनंतर लगेच करू नका. अक्षता, वाजंत्री आणि मिठ्या यांत ते कोणालाच ऐकू जात नाही, साक्षीदाराला तर नाहीच.

सह्या त्यानंतर लगेच, जेवणाआधी घ्या. काळं पेन दोन ठेवा, खाली कडक पुठ्ठा ठेवा आणि सही करणाऱ्यांना हात धुऊन यायला सांगा. हळदीकुंकवाचं बोट लायसन्सवर उमटलं तर पुसता पुसत नाही, आणि डागाखाली अक्षर गेलं तर क्लर्क कागद परत पाठवू शकतो. दोन्ही राज्यांत किमान एक साक्षीदार लागतो. तो लांबून आलेला नको, गावातला धरा, म्हणजे पुन्हा सही लागली तर सापडतो.

नावाचंही आधीच बघा. कॅलिफोर्नियात लग्नानंतरचं नाव लायसन्सच्या अर्जातच लिहावं लागतं, नंतर त्यात भर घालता येत नाही. आणि मधलं नाव म्हणून आडनावांचेच पर्याय आहेत. आपल्या रीतीनं नवऱ्याचं पहिलं नाव मध्ये घालायचं असेल तर त्यासाठी कोर्टाची वेगळी वाट आहे.

एच-१बी व्हिसावर असाल तर दक्षिणेचं पाकीट हसून परत करा. त्या व्हिसावर मोबदल्याचं काम नेमलेल्या कंपनीसाठीच करता येतं.

मग ठरवायचं कसं? न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स किंवा ही सोय देणारी कॅलिफोर्नियाची काउंटी असेल आणि हातात वेळ असेल, तर एका दिवसाची परवानगी घ्या. टेक्ससमध्ये अशी सोय नाही. तिथे ऑनलाइन ऑर्डिनेशन हाच रुळलेला रस्ता आहे आणि तो नाइलाजानं नव्हे, निर्धास्तपणे घेणारेही भेटतील. कोलोरॅडोत जोडपं स्वतःच सही करून लग्न लावून घेऊ शकतं, साक्षीदारही लागत नाही. मामांनी फक्त मंगलाष्टकं म्हणायची. पेनसिल्व्हेनियात ‘सेल्फ-युनायटिंग’ (लग्न लावणाऱ्याशिवायचं) लायसन्स मागितलं तर दोन साक्षीदारांवर भागतं, आणि तिथल्या काउंटी कोर्टांत ऑनलाइन मिनिस्टरांबद्दल उलटसुलट निकाल आलेले असल्यानं तेच मागावं. फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायनात नोटरी पब्लिकला लग्न लावता येतं, तेव्हा नात्यात कोणी नोटरी आहे का ते आधी विचारा. व्हर्जिनियात सर्किट कोर्टाकडून सिव्हिल सेलिब्रंटची (धर्मगुरू नसताना लग्न लावणाऱ्याची) मान्यता मिळते, त्यासाठी ५०० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, लागतो. तेवढी यातायात नको असेल तर तिथे आधी कायद्याचं लग्न उरकून घ्यावं. टेनेसीत ऑनलाइनचा विचारच करू नका.

आणि नोंद झाली की लग्नाच्या दाखल्याच्या सर्टिफाइड प्रती दोन-तीन मागवायला जोडप्याला सांगा, कॅलिफोर्नियात त्या मागितल्याशिवाय येत नाहीत. भारतात वापरायची असेल त्या प्रतीवर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण) करून घ्यायचं.