होम ऑटोमेशनचा कोर्स करून नऊ महिने झाले: सांगलीतल्या एका वायरमनचा अनुभव

मी सांगलीत गेली १७ वर्षं वायरिंगची कामं करतोय. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, मग वायरमनचा परवाना, पाच वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली आणि त्यानंतर स्वतःची कामं. अलीकडे विश्रामबागेतली गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मोबाइलवर चालणारे स्विच बसवता का?" दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ते काम बाहेरगावच्या एका पोराने येऊन केलं आणि जाताना मी केलेल्या वायरिंगला नावं ठेवून गेला. ते मनाला लागलं. पुण्यात जाऊन होम ऑटोमेशनचा, म्हणजे घरातले दिवे-पंखे मोबाइलवरून चालवण्याचा, सहा दिवसांचा कोर्स केला. फी १८,०००, राहणं-जेवण वेगळं. कामाचा खाडा धरला तर सगळं मिळून तीस हजारांच्या घरात गेलं.

संस्थेचं नाव देत नाही. मला तक्रार करायची नाही, पुढे जाणाऱ्याने काय विचारून जावं ते सांगायचंय.

पैसे वाया गेले नाहीत, हे आधीच सांगतो. पण तो कोर्स नव्या घराचा होता. सगळं शिकवणं ड्रॉइंगप्रमाणे पाइप टाकलेल्या, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणलेल्या घराचं. नऊ महिन्यांत मी १४ घरं केली आणि त्यातली ११ जुनी निघाली. कोर्सची पुढची फी मी या जुन्या घरांत भरली.

आधी चांगलं. प्रत्येकाला स्वतःचं टेबल आणि बोर्ड होता, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायची वेळ आली नाही. लोडचा दिवस तर सोन्यासारखा. मॉड्यूलवर, म्हणजे मोबाइलवरून स्विच चालवणाऱ्या बोर्डातल्या छोट्या डबीवर, '१० अँपिअर' लिहिलेलं असतं ते बल्ब-हीटरसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचते आणि त्या झटक्यात रिलेचे, म्हणजे मॉड्यूलच्या आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटतात. त्यामुळे टाकीची एक एचपीची मोटर थेट मॉड्यूलवर द्यायची नाही. मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट स्विचची) कॉइल ओढायची, लोड कॉन्टॅक्टरने घ्यायचा. पॉइंट चिकटला म्हणजे मोबाइलवर 'बंद' दिसतं आणि मोटर चालूच राहते, हे सरांनी जळका रिले उघडून दाखवलं. ते अजून डोळ्यासमोर आहे.

पंख्यांचंही तसंच. आता घरोघरी बीएलडीसी पंखे येताहेत. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० च्या आगेमागे. पण त्याच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, म्हणून तो रेग्युलेटरवर किंवा मॉड्यूलच्या स्पीडच्या आउटपुटवर द्यायचा नाही. साधं ऑन-ऑफ द्यायचं आणि स्पीड रिमोटवरून घ्यायचा. एवढी एक गोष्ट माहीत असल्यामुळे माझ्या दोन गिऱ्हाइकांचे पंखे वाचले. आधीच्या कारागिराने ते रेग्युलेटरवरच दिले होते.

आता जे शिकवलं नाही ते. बहुतेक मॉड्यूलना स्वतःला जिवंत राहायला फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडे बोर्डात सॉकेट असला की न्यूट्रल असतोच, पण जिन्याच्या टू-वे (खालून-वरून दोन्हीकडून चालणाऱ्या) बोर्डात बहुतेक वेळा नसतो. तिथे काय करायचं, असं मी वर्गात विचारलं होतं. उत्तर मिळालं, "जवळच्या बोर्डातून न्यूट्रल घ्या." एवढंच. मीही तेवढंच डोक्यात ठेवलं.

विश्रामबागेत एका निवृत्त शिक्षकांचा जुना बंगला आहे. खाली-वर दोन मजले, दोन्ही मजल्यांना वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गेलेला करंट तेवढाच परत आला नाही तर लाईट तोडणारा स्विच. जिन्याच्या आणि वरच्या पॅसेजच्या दिव्याची फेज खालून आलेली. दोन्ही मॉड्यूल मी वरच्या बोर्डांत बसवले आणि शिकवल्याप्रमाणे न्यूट्रल तिथल्याच सॉकेटमधून घेतला. संध्याकाळी सगळं चालू करून दाखवलं, काका खूश.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन. खालच्या मजल्याची लाईट गेली. जाऊन आरसीसीबी वर केली, राहिली. दुसऱ्या दिवशी परत सहालाच. खालचा गिझर लावला की ट्रिप. मी म्हटलं, "काका, एलिमेंट लीक असणार, बदलून घ्या." त्यांनी बदललं. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लागलं आणि पुन्हा ट्रिप. तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "लेकरा, गिझर माझा जुना असेल. पण तू यायच्या आधी लाईट जात नव्हती."

मेगरने, म्हणजे लीकेज बघायच्या मीटरने, तपासलं, खाली कुठे ठळक लीकेज नाही. शेवटी सापडलं ते योगायोगाने. वरच्या मजल्यावर सॉकेट बघायचा म्हणून वरची आरसीसीबी पाडली आणि जिन्यातल्या मॉड्यूलचा बारका निळा दिवा विझला. त्याची फेज तर खालून आलेली, खालची आरसीसीबी चालू, मग तो विझला का? तिथेच पायरीवर बसलो. फेज खालची, न्यूट्रल वरचा. मॉड्यूल जो करंट खालून घेत होता तो वरून परत जात होता. खालच्या आरसीसीबीला तो हरवलेला दिसत होता, म्हणजे लीकेजच. करंट मोजके मिलिअँपिअर, एकट्याने ट्रिप करणार नाही. पण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते. गिझरचं थोडं, मशीनचं थोडं आणि माझे दोन मॉड्यूल, अशी सकाळी बेरीज भरत होती.

जिन्याच्या जुन्या पाइपातून स्प्रिंग घालून खालून वेगळा काळा न्यूट्रल ओढला. पाइपात जागा नव्हती, अर्धा दिवस गेला. त्यानंतर पाच महिने झाले, एकदाही ट्रिप नाही. एलिमेंटचे पैसे मी काकांना परत दिले. ते घेत नव्हते, मी टेबलावर ठेवून आलो.

त्या दिवसापासून माझा नियम झाला. ज्या सर्किटची फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल. काम सुरू करायच्या आधी एकेक आरसीसीबी पाडून कुठला बोर्ड कशावर आहे ते कागदावर लिहितो, मगच स्क्रू उघडतो. कोर्समध्ये यावर एक तास घालवला असता तर माझे चार दिवस आणि काकांचा मनस्ताप वाचला असता.

दुसरी उणीव नेटवर्कची. सहा दिवसांत त्याला अर्धा दिवस. आणि नऊ महिन्यांत मला आलेले बहुतेक फोन नेटवर्कचेच. आपण बसवतो ते बहुतेक मॉड्यूल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाही. गिऱ्हाइकाने राउटर बदलला की सगळं घर 'ऑफलाइन', आणि फोन आपल्याला. आता मी सांगून ठेवतो की नवा राउटर आला तर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवायला सांगा, सगळं आपोआप परत जोडलं जातं. मिरजेत एका जुन्या घराच्या दगडी भिंती हात-दीड हात जाड होत्या, तिथे वायफाय आतल्या खोलीत पोचेना. त्या घरात वायफायऐवजी झिग्बी घेतलं, म्हणजे मॉड्यूलचं आपापसातलं वेगळं वायरलेस जाळं. त्यात वायरवर चालणारं बहुतेक प्रत्येक मॉड्यूल पुढच्याला सिग्नल पोचवतं. बॅटरीवरचे सेन्सर मात्र तसं करत नाहीत, म्हणून सिग्नल पुढे जायला तिथे सोफ्यामागच्या बोर्डातला एक मॉड्यूल कायम चालू ठेवावा लागतो. हे मला वर्गात कळलं नाही, त्या घरात चार चकरा मारल्यावर कळलं.

अजून एक बारीक गोष्ट. लाईट जाऊन आल्यावर मॉड्यूलने काय करायचं हे ॲपमध्ये ठरवावं लागतं: बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी होतं तसं. माझ्या दुसऱ्याच कामात ते बघायचं राहून गेलं. रात्री दोनला लाईट आली आणि तान्हं बाळ झोपलेल्या खोलीतले सगळे दिवे लख्ख लागले. त्या घरच्या वहिनी सकाळी जे बोलल्या ते बरोबरच होतं. आता काम संपलं की मी मेन पाडतो, दहा मिनिटं थांबतो, वर करतो आणि सगळ्या खोल्या फिरून बघतो.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अकाउंटचं. कोर्समध्ये सगळी प्रॅक्टिस आपल्याच मोबाइल नंबरवर केली, म्हणून सुरुवातीची पाच घरं मी माझ्याच नंबरवर चढवली. सोयीचं वाटलं. एका रात्री ॲप उघडलं आणि लक्षात आलं की कुणाच्या घरात कधी दिवा लागतो, कोण गावाला गेलंय, हे सगळं मला घरबसल्या दिसतंय. गिऱ्हाइकांनी मला घरात घेतलं ते विश्वासाने. पुढच्या आठवड्यात पाचही घरी जाऊन त्यांच्या नंबरवर नवीन अकाउंट काढून दिलं आणि माझ्या मोबाइलवरून पुसलं. हे पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला शिकवायला हवं.

केएनएक्सचा, म्हणजे वेगळ्या केबलवर चालणाऱ्या ऑटोमेशनचा, एक दिवस होता, हिरवी केबल, ३० व्होल्टची बस (सिग्नलची लाइन), कॉम्प्युटरवरून प्रोग्रामिंग. शिकायला छान, पण ती केबल भिंती उघड्या असतानाच टाकावी लागते. मला एकही काम आलं नाही. मॅटर नावाच्या मानकाबद्दल खूप सांगितलं, की आता सगळ्या कंपन्यांचं एकमेकांशी जमेल. ते मानक २०२२ च्या ऑक्टोबरात आलं खरं, पण पंखा त्यात २०२३ च्या १.२ आवृत्तीत आला. आपल्या घरात दिव्याखालोखाल पंखाच, त्यामुळे खरेदी करताना खोक्यावर नीट वाचून घ्या.

काचेच्या टच पॅनलवर कोर्सचा फार भर होता. दिसतात देखणी. पण हरिपूर रोडला एका घरातल्या आजींना दिसायला कमी, त्यांना हाताने चाचपून बटण लागतं. तिथे जुने स्विच तसेच ठेवले आणि मॉड्यूल मागे बसवले. जुना बॉक्स पुरेसा खोल नव्हता तिथे भिंत थोडी खोदून घेतली. अलेक्सा मराठी घेत नाही, हिंदीवर ठेवली आणि दिव्याला नाव दिलं 'देवघर'. दोन्ही भाषांत शब्द एकच. आजी आता पलंगावरूनच देवघरातला दिवा लावायला सांगतात, आणि उठल्या की बटणही हातात येतं. त्याच घरी २०१९ च्या पुराचं पाणी आलं होतं, म्हणून राउटर आणि हब माळ्याजवळ घेतले आणि तळमजल्याचे खालचे सॉकेट वेगळ्या एमसीबीच्या खटकीवर टाकले. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की घरच्यांनी तेवढी एक खटकी पाडायची, असं ठरवून दिलंय.

पैशाचं बोलायचं तर बसवायची मजुरी लोक देतात, ॲप लावून द्यायचे पैसे द्यायला कचरतात. "नुसतं मोबाइलवर टाकायचं त्याचे कसले ओ पैसे?" हे दर घरी ऐकतो. मी आता कोटेशनमध्येच दोन ओळी वेगळ्या लिहितो, बसवणं एक आणि चालू करून शिकवणं एक, वर सहा महिन्यांत दोन भेटी मोफत. तेव्हापासून घासाघीस कमी झाली. घातलेले पैसे पाचव्या महिन्यात निघाले.

माझ्या भाच्याने नुकताच आयटीआय केलाय, तो विचारत होता, "मामा, मी लगेच जाऊ का कोर्सला?" मी त्याला दोन वर्षं थांबायला सांगितलंय. आधी जुन्या घरांतले फॉल्ट काढ, मेगर हातात घे, कुणी कुठून कसा न्यूट्रल उचललाय ते ओळखायला शीक. त्यानंतर पाठवीन. आणि पाठवायच्या आधी संस्थेला फोन करून तीन गोष्टी मी स्वतः विचारणार आहे: न्यूट्रल नसलेल्या जुन्या बोर्डावर प्रॅक्टिकल आहे का, नेटवर्कला किती दिवस आहेत, आणि कोर्स झाल्यावर फॉल्ट अडला तर फोन उचलणारा माणूस कोण. माझ्या वेळी तो नंबर दिला होता, पण दुसऱ्या महिन्यापासून लागत नाही.