गूगल सर्च कन्सोल: मराठी वेबसाइटवर १४ महिने वापरल्यानंतर

आधी अपेक्षा ताळ्यावर आणू. हे साधन फुकट आहे आणि रँकिंग वर नेणारं एकही बटण त्यात नाही. आपलं कुठलं पान गूगलकडे नोंदलेलं आहे, ते कोणत्या शोधात दिसलं आणि लोकांनी त्यावर क्लिक केलं का, एवढंच ते सांगतं. पुढचं सगळं वर्डप्रेसवरच्या, साधारण ४०० पानांच्या मराठी पाककृतींच्या साइटवरून लिहिलं आहे.

साइट जोडताना ‘डोमेन’ हा पर्याय घ्या. त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यादीत) एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकावा लागतो, पण मग पत्त्याची सगळी रूपं (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह किंवा त्याशिवाय, एचटीटीपी वा एचटीटीपीएस) एकत्र मोजली जातात. ‘यूआरएल प्रीफिक्स’ सोपा आहे. मात्र त्यात पत्ता वेगळ्या रूपात भरला गेला तर आलेख जवळपास रिकामा दिसतो आणि साइटच बुडाली असं वाटतं. पडताळणी झाल्यावर तो रेकॉर्ड काढून टाकू नका, गूगल तो अधूनमधून पुन्हा बघतं.

खरा माल ‘परफॉर्मन्स’ अहवालात आहे. मराठी वाचक एकच गोष्ट दोन लिप्यांत शोधतो: कुणी ‘उकडीचे मोदक’ लिहितो, कुणी तेच रोमन अक्षरांत. दोन्ही एकत्र पाहिलं तर काहीच उमजत नाही. क्वेरीच्या (शोधलेल्या शब्दांच्या) फिल्टरमध्ये ‘कस्टम (रेजेक्स)’, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने गाळणं, निवडून [अ-ह] एवढंच लिहा, फक्त देवनागरीतले शोध उरतात. ‘डझन्ट मॅच’ केलं की रोमन बाजू दिसते. मग सरासरी स्थान ८ ते २० मधले, भरपूर इम्प्रेशन (निकालात दिसण्याच्या वेळा) आणि नगण्य क्लिक असलेले शोध वेगळे काढा. मेहनत इथे घालायची, पहिल्या तीनात आधीच असलेल्या पानांवर नाही.

अशा शोधावर क्लिक करून ‘पेजेस’ टॅब उघडला की बऱ्याचदा आपलीच दोन-तीन पानं एकमेकांच्या पायात पाय घालताना सापडतात: ‘उकडीचे मोदक’, ‘मोदकाची उकड’, ‘मऊ मोदकांसाठी टिप्स’. मजकूर एका पानात आणा, बाकीची ‘३०१ रीडायरेक्ट’ने (पत्ता कायमचा बदलल्याच्या सूचनेने) तिकडे वळवा आणि तो रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवू नका. गूगल त्यांना ‘सॉफ्ट ४०४’ (म्हणजे पान नाहीच असं) मानू शकतं.

सरासरी स्थान हा आकडा फसवा आहे. समजा एक पान एका शोधात ३ऱ्या स्थानी १०० वेळा दिसत होतं. आता ते आणखी एका शोधात ४०व्या स्थानी १०० वेळा दिसू लागलं. सरासरी थेट २१.५! पान घसरलेलं नाही, त्याची पोहोच वाढली आहे. म्हणून स्थान बघायचं ते एका शोधापुरतं, अख्ख्या साइटचं नव्हे.

दुसरा सापळा सणांचा. डेटा १६ महिन्यांचाच राहतो, त्यामुळे मागच्या वर्षाशी तुलना जेमतेम होते. ती तारखेला तारीख लावून केली तर चुकते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तयार पर्याय सोडून स्वतः तारखा भरा आणि चतुर्थीआधीचे तीन आठवडे दोन्ही वर्षांचे घ्या. जुना डेटा दर महिन्याला उतरवून ठेवा. अर्थात एक्स्पोर्टमध्ये १,००० ओळीच मिळतात, आणि मोजक्याच लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीत दाखवतच नाहीत. यादीची बेरीज आलेखाच्या आकड्याशी जुळत नाही ती यामुळे. मराठीतले लांबलचक शोध मुळातच विरळ, त्यांना ही कात्री जास्त लागते.

इंडेक्सिंगच्या (गूगलकडच्या नोंदणीच्या) ‘पेजेस’ अहवालात दोन शेरे वेगळे वाचावेत. ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळला, पण गूगल अजून फिरकलेलं नाही. इथे आतल्या लिंका वाढवा आणि सर्व्हर मंद आहे का ते बघा. ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे येऊन, बघून, तूर्त घेतलं नाही. बहुतेक वेळा ती दोन ओळींची टॅगची पानं असतात, त्यांची काळजी नको. चांगला लेख तिथे अडकला असेल तर मात्र मजकूरच तपासावा लागतो. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दहादा दाबून रांगेतला नंबर पुढे सरकत नाही. साइटमॅपमधली (साइटच्या पत्त्यांच्या यादीतली) ‘प्रायॉरिटी’, म्हणजे पानाचं महत्त्व, गूगल वाचतच नाही. ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची तारीख) वाचतं, पण ती तारीख खरी असेल तरच.

देवनागरी पत्त्यांचं प्रकरण कन्सोलमध्येच उघडं पडतं. पत्त्यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्केवारी-संकेतात (% चिन्ह लावून लिहिण्याच्या पद्धतीत) ९ अक्षरं होतात, काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘पुरणपोळी’ एवढाच शब्द ७२ अक्षरांचा. वर्डप्रेस स्लग (पत्त्याचा शेवटचा भाग) २०० अक्षरांवर तोडतं, म्हणजे साधारण २२ चिन्हांत खेळ खल्लास. लांब शीर्षकांचे पत्ते अर्ध्यात कापले जातात आणि सुरुवात सारखी असेल तर पुढे नुसतं २, ३ चिकटतं. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, तेव्हा जुने बदलत बसू नका. नवे दोन-तीन शब्दांत ठेवा.

‘कोअर वेब व्हायटल्स’ (पानाच्या वेगाचा आणि स्थिरतेचा अहवाल) छोट्या साइटला बहुधा कोरंच दिसेल, कारण तो खऱ्या वाचकांच्या २८ दिवसांच्या नोंदींवर चालतो आणि तेवढ्या नोंदी तिथे जमत नाहीत. दिसलं तर एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंद, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळायचा वेळ) २०० मिलिसेकंद आणि सीएलएस (मजकूर किती हलतो) ०.१ यांच्या आत हवं. मराठी साइटवर पहिला संशय फॉन्टवर घ्यावा: जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल जड होते आणि ती उशिरा आली की मजकूर हलतो. फॉन्टची वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) दोनच ठेवा, फाइल डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर प्रकारात.

‘रिमूव्हल्स’मधून काढलेलं पान साधारण सहा महिन्यांपुरतंच लपतं. कायमचं घालवायचं तर नोइंडेक्स टॅग (हे पान निकालात घेऊ नका ही सूचना) लावा आणि तेच पान रोबोट्स फाइलमध्ये (गूगलने कुठे येऊ नये हे सांगणाऱ्या) अडवू नका. अडवलं तर गूगल आत येत नाही, टॅग त्याला दिसत नाही, आणि नुसता पत्ता निकालात राहू शकतो.