बीबीसी मायक्रो की स्पेक्ट्रम?

जुना संगणक नुसता कपाटात मांडायचा नसून रोज चालवायचा असेल, तर माझ्या मते बीबीसी मायक्रो आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या दोन ब्रिटिश घरगुती संगणकांतूनच निवड करावी. दोन्ही आपल्याकडे परके नाहीत. शाळांत संगणकाची ओळख करून देण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो भारतातल्या शाळांत पोचला, आणि स्पेक्ट्रम पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने विकला. मी दोन्ही जळगावात वापरलेत.

आधी स्पेक्ट्रमची बाजू, कारण ती लंगडी नाही. खेळांचा साठा त्याच्याकडे अफाट आहे. त्याच्या ४८ केबी (किलोबाइट) मेमरीपैकी पडद्यावरच्या चित्राला जेमतेम ७ केबी लागते. बीबीसीच्या ३२ केबीतले २० केबी मात्र बारीक चित्रांच्या मोडमध्ये पडदाच खाऊन टाकतो. शिवाय त्याचे प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे; तो आवाज आता मोबाइलवरून साध्या वायरने देता येतो. लाइट गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, ती परत आली की हे फार सोयीचं पडतं.

पण मला खेळण्यापेक्षा लिहिण्यात रस, आणि तिथे कळफलक आडवा आला. स्पेक्ट्रमवर ‘पी’ दाबली की अख्खा ‘प्रिंट’ उमटतो, ‘जे’ दाबली की ‘लोड’. काही शब्दांसाठी आधी दोन्ही शिफ्ट एकदम दाबायच्या, मग कळ. सरावाने जमतं म्हणतात, जमतही असेल. माझी बोटं मात्र दर ओळीला थबकायची. विचार प्रोग्रॅमचा चाललेला असायचा आणि डोळे कळ शोधत फिरायचे. त्यात रबरी कळांखालचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वयोमानाने कडक होतो. आपल्याकडची धूळ पुसायला पेटी उघडली, की त्याच्या पट्ट्या तडकायची भीती. नवा पापुद्रा मिळतो, पण वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ते काम नको वाटतं.

बीबीसीच्या कळा खऱ्या टंकयंत्रासारख्या. शब्द अक्षर-अक्षर लिहायचा किंवा टिंब देऊन आखूड करायचा. चुकून ‘ब्रेक’ कळ दाबली आणि प्रोग्रॅम गेला, तरी ‘ओल्ड’ लिहिलं की प्रोग्रॅम बहुतेक वेळा परत येतो. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोसीजर (नाव देऊन पुन्हा वापरता येणारे प्रोग्रॅमचे तुकडे) आहेत, थेट प्रोसेसरच्या आज्ञा लिहिण्यासाठी असेंबलरही आत बसवलेला आहे. भाचीला घेऊन मी त्यावर आठ बाय आठ ठिपक्यांत देवनागरी अक्षरं कोरली, एका अक्षराला आठ आकडे. ‘आखाजी’ हा शब्द पडद्यावर उमटला तेव्हा पुढचं अक्षर कोणतं करायचं ते तिनेच ठरवलं. स्पेक्ट्रमवरही हे होतं, तिथे अशी २१ अक्षरं आयती बदलता येतात. पण एवढे आकडे त्या कळांवर टंकायला ती बसली असती, असं मला वाटत नाही.

तेव्हा फक्त खेळायचं असेल तर स्पेक्ट्रम घ्या, मी अडवणार नाही. घरातलं मूल प्रोग्रॅम लिहिणार असेल तर माझं मत बीबीसीला. तो जागा जास्त अडवतो, वजनालाही जड आहे. घेताना प्रत्येक कळ दाबून पाहा. आणि घरी आणल्यावर लगेच प्लग लावू नका. पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर चालू करताच बऱ्याचदा धूर सोडतात, ते आधी हाताशी असलेल्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडून बदलून घ्या.