खनिजांच्या पुडीसाठी स्पेक्ट्रोमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये आमच्या भूशास्त्र विभागात ३५० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं परावर्तन मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आला. तेव्हापासून बेसॉल्ट, रत्नागिरीकडचा जांभा, झिओलाइट, जे हाती लागलं ते कुटून त्याखाली ठेवलंय. यंत्र उत्तम आहे. केओलिनाइट या चिकणमातीतल्या खनिजाची जोडखाच (खाच म्हणजे प्रकाश शोषला गेल्याने आलेखात पडणारा खळगा), २२०६ नॅनोमीटरला मोठी आणि २१६५ला धाकटी, पहिल्याच दिवशी स्वच्छ दिसली. फक्त सुरू केल्या केल्या मोजू नका. १००० आणि १८००ला एक डिटेक्टर संपून दुसरा सुरू होतो, तिथे आलेखाला पायरी पडते. आम्ही तासभर तापू देतो.

खरा वेळ जातो कुटण्या-चाळण्यात. एकाच बेसॉल्टची ४५ मायक्रॉनखालची पूड जाड पुडीपेक्षा फिकी दिसते, परावर्तन बरंच जास्त येतं, आणि पायरॉक्सीन या त्यातल्या खनिजाची १०००जवळची खाच उथळ होते. बारीक कणांत प्रकाशाला आतून फार अंतर कापावं लागत नाही, त्यामुळे शोषला जाण्याआधीच तो बाहेर पडतो. जाड कणांवर चिकटलेली धूळही हाच घोळ घालते. अ‍ॅसिटोनने धुतल्यावर आमचे आकडे बदलले. म्हणून कणांचा आकार न लिहिलेला आलेख मी आता तुलनेला घेतच नाही.

पूड वाटीत भरून काचपट्टीने दाबली की पृष्ठभाग चकाकतो, अभ्रक असेल तर पापुद्रे आडवे पडतात. पायली भरताना धान्यावरून हात फिरवतात, तशी मी पट्टीची कड नुसती ओढते. मग वाटी पाव-पाव फिरवून चार मोजण्या आणि त्यांची सरासरी.

सप्टेंबरात प्रत्येक नमुन्यात १७३० आणि २३१०च्या आसपास बारीक उंचवटे येऊ लागले. खाच नव्हे, उंचवटे, आणि तेही सगळीकडे! दोन आठवडे पूड बदलत बसलो. दोष पांढऱ्या संदर्भचकतीत होता, जिच्या मोजणीने नमुन्याची मोजणी भागतात. बोटांचं तेल तिने शोषून घेतलं होतं. भागाकारात चकतीची खाच उलटी होऊन नमुन्यावर उमटत होती. वाहत्या पाण्याखाली बारीक पॉलिशपेपरने वरचा थर घासल्यावर ते गेले. सोबतच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नव्हती, याचा मला अजून राग आहे.

पावसाळ्यात पूड ओल धरते, १९००ची खाच फुगते. पण वाळवायला जिप्सम किंवा स्टिलबाइट १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये घालू नका, त्यांच्या स्फटिकातलं स्वतःचं पाणीही जाऊ लागतं. आम्ही ४० अंशांवर रात्रभर ठेवतो.

घेणार असाल तर दुसरी चकती आणि ४५, ७५, १२५ मायक्रॉनच्या चाळण्या पहिल्याच कोटेशनमध्ये घाला. नंतर वेगळी मंजुरी मिळवण्यात आमचे अडीच महिने गेले.